लसीकरणाच्या रांगेत आईचंही वजन घ्या

गरोदर बाईचं वजन महिन्याला दोन किलोनं वाढावं आणि बाळंतपणापर्यंत एकूण नऊ ते अकरा किलो भरावं, अशी सूचना आपल्या आरोग्यसेविकांना वर्षानुवर्षं शिकवली जाते. एका महिन्यात तीन किलोंच्या वर वाढ झाली तर जुळं, मधुमेह किंवा वाढता रक्तदाब यांची शंका घ्यावी, हेही त्याच सूचनेत आहे. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत. घोळ होतो तो हा आकडा सगळ्यांना सरसकट लावल्यामुळे. आणि आईचं वजन जादा तर मूलही पुढे लठ्ठ, असं जे सर्रास म्हटलं जातं, तेही तपासून पाहायला हवं.

उपकेंद्रावर एकामागोमाग उभ्या असलेल्या तीन बायका डोळ्यांपुढे आणा. तिघींची उंची १५२ सेंटीमीटर, तिघींनाही तिसरा महिना. पहिलीचं वजन ४२ किलो, दुसरीचं ४७, तिसरीचं ६२. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, काढला तर अनुक्रमे १८.२, २०.३ आणि २६.८ येतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली लावलेला हिशोब धरला, तर पहिलीचं वजन साडेबारा ते अठरा किलो वाढायला हवं, दुसरीचं साडेअकरा ते सोळा आणि तिसरीचं सात ते साडेअकरा. भारतीय निकषाने तर २५ च्या वरचा बीएमआय म्हणजे लठ्ठपणाच, त्यामुळे तिसरीने सातच्या आसपास राहिलेलं बरं. आता तिघींचंही वजन दहा किलो वाढलं असं समजा. तिघींच्या कार्डावर सारखंच ‘समाधानकारक’ लिहिलं जाईल. प्रत्यक्षात पहिली उपाशी राहिलेली असेल आणि तिसरीच्या पोटातल्या बाळाला गरजेहून जास्त मिळालेलं असेल.

अर्थात परदेशी तक्ता उचलून जसाच्या तसा भिंतीवर लावणंही शहाणपणाचं नाही. त्याच संस्थेच्या १९९० च्या तक्त्यात १५७ सेंटीमीटरपेक्षा बुटक्या बायकांनी खालच्या आकड्याशी राहावं, असा सल्ला होता. तो २००९ मध्ये वगळला गेला. आपल्याकडच्या सरासरी बांध्याच्या बाईला तो जुना सल्लाच जास्त लागू पडतो. दीडशे सेंटीमीटर उंचीच्या बाईने अठरा किलो वाढवावेत, असं कुणी म्हणू नये.

पण मुळात आईच्या वजनाचा मुलाच्या लठ्ठपणाशी संबंध किती? २०१९ साली युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या ३७ पाहण्यांची, म्हणजे १,६२,१२९ आया आणि त्यांच्या मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. गरोदर होण्याआधीच लठ्ठ असलेल्या आईच्या मुलाचं वजन दहा वर्षांच्या पुढे जास्त असण्याची शक्यता, मोजण्याच्या सांख्यिकी रीतीने, साडेचार पटींच्या घरात गेली. गरोदरपणात प्रमाणाबाहेर वजन वाढलेल्या आईच्या बाबतीत तोच आकडा पावणेदोन पटींच्या आसपास राहिला. शिवाय आईचं आधीचं वजन हिशोबात धरल्यावर नऊ महिन्यांतल्या जादा वाढीने त्यात थोडीच भर पडत होती. घरात, दवाखान्यात आणि नात्यागोत्यात चर्चा मात्र या थोड्या भरीचीच होते, कारण ती डोळ्यांना दिसते. आधीचं वजन कुणी लिहून ठेवलेलंच नसतं.

इथे एक जुना आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. आई लठ्ठ, मूल लठ्ठ, यात गर्भाशयाचा वाटा किती आणि एकाच घरातल्या जीन्सचा, तेलाच्या बुधल्याचा, टीव्हीसमोरच्या जेवणाचा किती? वडिलांच्या वजनाशीही मुलाच्या वजनाचा संबंध दिसतो आणि वडिलांना तर गर्भाशय नसतं. हे सोडवण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे एकाच आईच्या दोन मुलांची तुलना. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बेचाळीस हजारांवर आयांच्या ९१ हजारांवर मुलांची अशी तुलना झाली. आईच्या एकेका जादा किलोमागे मुलाच्या बीएमआयमध्ये भर पडली ती साधारण ०.०२ ची. संबंध खरा, पण अगदी बारीक. गरोदर बाईच्या ताटातला भात मोजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

याउलट साखरेचं. ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींमध्ये भावंडांचीच तुलना झाली. आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं मूल आणि झाल्यानंतर जन्मलेलं मूल यांत नंतरच्याचा बीएमआय सरासरी २.६ ने जास्त निघाला. वडिलांना मधुमेह आधी झाला की नंतर, याने काही फरक पडला नाही. घर तेच, आईबाप तेच. बदललं ते पोटातलं वातावरण.

यामागची यंत्रणा डेन्मार्कच्या योर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकातच मांडली होती. आईच्या रक्तातली साखर वारेतून सहज पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. बाळाचं स्वादुपिंड मग स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, आणि इन्सुलिन हे चरबी साठवायला लावणारं संप्रेरक आहे. बाळाच्या अंगावर चरबी चढते ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, त्यामुळे त्या काळातली वाढलेली साखर थेट चरबीत जमा होते. लठ्ठ आईच्या रक्तात साखरेच्या जोडीला मेदाम्लंही जास्त असतात. म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा हा या सगळ्याचा एक ढोबळ, बाहेरून दिसणारा खुणेचा दगड आहे. तोही फसवा, कारण साडेबारा किलो वाढलेल्या बाईत बाळ साधारण ३.४ किलोचं, वार पाऊण किलोच्या आत, गर्भजल ८०० ग्रॅम, गर्भाशय किलोभर, स्तनांची वाढ ४०० ग्रॅम, वाढलेलं रक्त दीड किलो, अंगातलं पाणी दीड किलो. चरबी उरते ती साडेतीन किलोंच्या आतच. एका आठवड्यात वजन एकदम दीड-दोन किलो वाढलं, हातातल्या बांगड्या घट्ट झाल्या, चेहरा सुजला, तर ते तूप नव्हे, पाणी आहे. तिथे जेवण कमी करायला सांगणं हा धोकादायक मूर्खपणा ठरतो. त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासायला हवं.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण आपली गोष्ट अमेरिकेची सही-सही नक्कल नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या २३.४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता आणि २०.८ टक्के स्त्रिया १८.५ च्या खाली होत्या. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी, आणि त्याच वयोगटात जास्त वजनाची मुलं आधीच्या फेरीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर. ही दोन टोकं एकाच तालुक्यात, पुष्कळदा एकाच घरात सापडतात. सासू ७० किलोंची, सून ४१ ची.

या कोड्याची उकल पुण्यातच झाली आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत बायकांचा गर्भारपणाआधीपासून पाठपुरावा केला. त्या आया सरासरी ४२ किलोंच्या आसपास होत्या आणि बाळं सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळपास ८०० ग्रॅमनी हलकी. हाडं, स्नायू, पोटाचा घेर सगळंच कमी. पण खांद्याच्या पाठीमागच्या हाडाखालची कातडीची घडी मोजली, तेव्हा चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, आत चरबीचं. ‘थिन-फॅट’ बाळ हा शब्द इथूनच जगभर गेला. २००४ साली याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचे फोटो छापून हेच मोठ्या माणसांत दाखवलं. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

म्हणून आपल्याकडे ‘आई लठ्ठ तर मूल लठ्ठ’ एवढ्यावर थांबता येत नाही. बारीक आईचं हलकं बाळही चरबीचा वाटा घेऊन येतं. मग त्याला ‘बाळसं धरत नाही’ म्हणून पहिल्या दोन वर्षांनंतर साखर-तुपाचा मारा होतो आणि गुटगुटीत झालं की घर समाधानी. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या १,४९२ जणांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. दोन वर्षांचे असताना बारीक असलेली आणि पुढे बारा वर्षांपर्यंत बीएमआय झपाट्याने वर गेलेली मुलंच तिशीच्या आसपास साखरेच्या तक्रारीपर्यंत जास्त पोचली. त्यातली बहुतेक बालपणी लठ्ठ म्हणून ओळखलीही गेली नसती. अंगणवाडीत वयानुसार वजनाची रेघ वर गेली की टाळ्या पडतात. उंचीच्या मानाने वजन किती, हे त्याच वेळी पाहिलं नाही तर ती रेघ अर्धंच सांगते.

पुण्याच्या त्याच गावांत आणखी एक गोष्ट कळली. आईने किती उष्मांक आणि किती प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी फारसा मेळ लागला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याचा लागला. पाणी वाहण्यापासून शेतातल्या कामापर्यंत कष्ट किती केले, याचाही लागला. दोन तृतीयांश बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. आपण प्रत्येक गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी देतो, १८० दिवस. ती गोळी बंद करावी असा याचा अर्थ अजिबात नाही, रक्तक्षयाने बायका मरतात. पण शाकाहारी घरातल्या, दूधही जेमतेम मिळणाऱ्या बाईला त्या गोळीसोबत बी-१२ का देऊ नये, याचं पटेल असं उत्तर मिळत नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात ‘सारस’ नावाचा प्रयोग झाला. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला एक छोटा पदार्थ बायकांना रोज दिला गेला, तोही दिवस राहण्याच्या आधीपासून. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्याचा तसाच दिसणारा पदार्थ. बाळांचं सरासरी वजन दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांत मात्र थोडी वाढ दिसली. गरोदरपणातला मधुमेह बटाटा-कांद्याच्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजीवाल्या गटात ७.३ टक्के. नववा महिना लागल्यावर नव्हे, लग्नानंतरच्या ताटात मुळा, मेथी, पेरू आणि दूध आलं, तर किती फरक पडतो ते यातून दिसतं.

गरोदरपणात उशिरा हात घातला तर काय होतं, तेही पाहिलं गेलंय. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये जास्त वजनाच्या २,२१२ गरोदर बायकांवर आहार-व्यायामाच्या सल्ल्याचा प्रयोग झाला. चार किलोंवरची बाळं कमी जन्मली, हा फायदाच. मुलं तीन ते पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांच्या वजनात फरक उरला नव्हता. गरोदरपणातल्या मधुमेहाच्या उपचारांचीही तीच कथा आहे. उपचाराने अवघड बाळंतपणं टळतात, मुलाच्या नंतरच्या लठ्ठपणावर मात्र परिणाम दिसलेला नाही. म्हणून उपचार टाळायचे नाहीत. पण सगळी आशा त्या शेवटच्या चार महिन्यांवर ठेवणं चुकीचं आहे.

मग गरोदर बाईने करायचं काय? ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हे आधी विसरायचं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने गरोदरपणात दिवसाला ३५० जादा उष्मांक सांगितले आहेत. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ आणि अर्धा कप दूध. झालं. दोन बऱ्यापैकी डिंकाचे लाडू एवढा अख्ख्या दिवसाचा वाढीव हिशोब संपवतात. त्यात प्रथिन कमी, तूप-गूळ जास्त. प्रथिनाची गरज दुसऱ्या तिमाहीत साडेनऊ ग्रॅमने आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅमने वाढते, ती लाडवातून भागत नाही. लाडू बाळंतपणानंतर खावेत, तेव्हा अंगावर पाजताना जादा गरज ६०० उष्मांकांची असते. चॉकलेटच्या चवीची ‘गरोदर मातांसाठी’ म्हणून विकली जाणारी पावडर घेण्याआधी डब्यामागे साखर किती लिहिलीय ते वाचावं. वरच्या उदाहरणातल्या ६२ किलोंच्या बाईने मात्र वजन उतरवायला गरोदरपणात उपास करू नयेत. तिने साखरेचा चहा, बिस्किटं, साबुदाणा, सरबतं थांबवली आणि रोज अर्धा तास चालली, तरी पुरतं.

साखरेची तपासणी दोनदा व्हायला हवी, पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत. सरकारी पद्धत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, पोट भरलेलं असो वा रिकामं, पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. गडबड होते ती ग्लुकोजचं पाकीट अंदाजाने ओतण्यात आणि दोन तासांऐवजी दीड तासाने, बाई घरी निघाली म्हणून, सुई टोचण्यात.

आता मूळ मागणी. सगळं आधीच ठरत असेल तर सरकारने बाईला ‘आधी’ गाठायचं कुठे? २०१९-२१ च्या त्याच पाहणीत राज्यातल्या २०-२४ वयाच्या २१.९ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली होती आणि पुष्कळदा वर्षभरातच दिवस जातात. गर्भधारणापूर्व सल्ला केंद्र काढलं तर तिथे नवी नवरी पाऊल टाकणार नाही, सासर टाकू देणार नाही. पहिल्या खेपेसाठी शाळा-कॉलेजातल्या मुलींचा बीएमआय, हिमोग्लोबिन आणि दुपारच्या जेवणातली भाजी एवढंच हातात आहे. पण दुसऱ्या खेपेची ‘आधीची’ वेळ मात्र आपल्याच हातात असते आणि ती आपण वाया घालवतो. बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचं असताना, मग नऊ महिन्यांनी, मग सोळा महिन्यांच्या पुढे आई लसीकरणाला येते. काटा तिथेच असतो. बाळाचं वजन होतं. आई शेजारी उभी असते आणि तिला कुणी विचारत नाही.

स्वीडनमध्ये दीड लाखांहून जास्त बायकांच्या पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणाच्या नोंदी पाहिल्या गेल्या. दोन खेपांमध्ये बीएमआय तीनने वाढला, तर दुसऱ्या वेळी मधुमेह, वाढता रक्तदाब आणि मृत बाळ जन्मणं या सगळ्यांचा धोका वाढला, आणि बाई लठ्ठ म्हणण्याइतकी झालेली नसतानाही. १५२ सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी बीएमआयचा एक आकडा म्हणजे २.३ किलो आणि तीन म्हणजे सात किलो. सात किलो हे आपल्याकडे ‘बाळंतपणानंतर अंग भरलं’ या कौतुकात सहज खपतात.

करायचं ते इतकंच. गरोदरपणात बारा आठवड्यांच्या आत चपला काढून, काटा सपाट फरशीवर शून्यावर आणून वजन घ्यायचं, भिंतीला टाच लावून उंची मोजायची आणि हा ‘मूळ आकडा’ कार्डावर ठळक लिहायचा. त्यानंतर सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने आणि सोळा महिन्यांच्या लसीला आईचं वजन. नऊ महिन्यांनी मूळ आकड्याच्या दोन-अडीच किलो वर असेल तर तिच्याशी आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी बोलायचं. मूळ आकडाच ४५ च्या खाली असेल आणि पाजताना तो आणखी उतरत असेल, तर दुसऱ्या बाळाआधी अंतर ठेवायचं, अंगणवाडीचा शिधा तिच्याच पोटात जातो का ते बघायचं आणि बी-१२ द्यायचं. ज्यांना गरोदरपणात मधुमेह होता, त्यांची सहा आठवड्यांची साखर तपासणी सरकारी सूचनेत आहेच, पण ती राहून जाते. बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीच्याच दिवशी उपाशीपोटी यायला सांगितलं तर वेगळी खेप, वेगळी मजुरी बुडत नाही. दोन तास बसायला सावली आणि बाळाला पाजायला आडोसा मात्र लागेल.

आईला दोष देण्याचं हे नवं हत्यार होईल, ही भीती रास्त आहे. ती कमी करण्याचा एक साधा उपाय म्हणजे त्याच काट्यावर सोबत आलेल्या नवऱ्यालाही उभं करणं. त्याच्या वजनाचाही मुलाच्या वजनाशी संबंध आहे आणि घरात तेल किती डबे येतं हे बहुधा तोच ठरवतो. आशाताईंवर आणखी एक नोंदवही लादली जाईल, ही तक्रारही खरी. म्हणून वेगळी वही नको, वेगळं ॲप तर नकोच. माता-बाल कार्डात बाळाच्या वाढीचा तक्ता असतो, त्याच्या समासात तारीख आणि आईचं वजन पेनाने लिहायला दहा सेकंद पुरतात.